तिच्या नावाने गेलेला ई-मेल

त्या प्रकरणाचा विषय निघाला की इतक्या वर्षांनंतरही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा राग दोषारोपपत्र कोर्टात गेलं की निवायचा. हा निवला नाही, कारण त्यातला काही राग माझ्या स्वतःवरच आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी श्रीरामपूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. ठाण्यात एक टाइपरायटर, एक बिनतारी संच आणि दोन फोन; त्यातला एक चालू. संगणक मी पाहिला होता तो बँकेच्या काचेपलीकडे. ई-मेल, पासवर्ड हे शब्द वर्तमानपत्रात वाचले होते, एवढंच.

एके सकाळी हजेरी संपायच्या वेळी एक मुलगी आणि तिचे वडील आले. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मुलगी सव्वीस वर्षांची, कृषी विषयातली पदव्युत्तर. तालुक्यातल्या एका खाजगी कृषी महाविद्यालयात तीन वर्षं संशोधन सहायक होती. कांदा चाळीत का सडतो, कोणत्या हवेत किती दिवस टिकतो, यावर तिचं काम. त्या कामाच्या जोरावर दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तिची निवड झाली होती. वस्तीवरच्या विहारात तिचा सत्कारही झाला होता. रुजू व्हायला आठवडा राहिला असताना तिकडून पत्र आलं: आपला ई-मेल मिळाला, आपली निवड रद्द करण्यात येत आहे, प्रत आपल्या महाविद्यालयास.

पत्रासोबत आलेली त्या ई-मेलची छापील प्रत तिने माझ्या टेबलावर ठेवली. इंग्रजीत होता. मजकूर असा, की मी येणार नाही. अर्जात दिलेले प्रयोगाचे आकडे मी घरी बसून रचले होते. ते ज्यांना ओळखता आले नाहीत अशा लोकांच्या हाताखाली काम करण्याची मला इच्छा नाही. वर तिचा ई-मेलचा पत्ता. खाली तिचं पूर्ण नाव.

मी विचारलं, "नाव तुझं, पत्ता तुझा. मग पाठवला कोणी?"

"माहीत नाही साहेब. मी नाही पाठवला."

"पासवर्ड कोणाला दिला होतास?"

"कोणालाच नाही. आणि माझ्या खात्यातून हा गेलेलाच नाही. पाठवलेल्या पत्रांत तो नाही."

"पुसून टाकला असशील."

ती गप्प झाली. मला वाटलं, सापडली. मी आवाज चढवला. "घरच्यांनी एवढ्या लांब जायला नको म्हटलं असेल. रागाच्या भरात लिहून बसलीस, आता निस्तरायला पोलिसात आलीस. असंच ना?"

वडील खुर्चीवरून उठले. "सायेब, आमी कशाला नको म्हनू? रेल्वेचं रिझर्वेशन मी सोता रांगेत हुबं राहून आनलंय."

मी ठाणे अंमलदाराला म्हटलं, "यांचा अर्ज घ्या." पोलिसातल्या माणसाला याचा अर्थ कळतो. फिर्याद नाही, गुन्हा नाही, अर्ज. तो फाईलला लागतो आणि फाईल कपाटाला.

पुढचे आठ दिवस मी उसाच्या गाड्यांच्या भांडणात आणि एका मंत्र्याच्या बंदोबस्तात होतो. त्या आठ दिवसांत महाविद्यालयाने तिला निलंबित केलं. तिच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या ताब्यात घेतल्या. खोटे आकडे दिल्याबद्दल चौकशी समिती नेमली आणि समितीचे अध्यक्ष झाले स्वतः प्राचार्य. हे सगळं मला नंतर कळलं. त्या मुलीने मला कळवलं नाही. का कळवावं?

नवव्या दिवशी महाविद्यालयाचा वॉचमन ठाण्यात आला. साठीचा, फौजेतून आलेला माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सायेब, त्या कांदावाल्या मॅडमचं काय झालं?"

"चौकशी चालू आहे," मी म्हटलं. चालू काहीच नव्हतं.

"मला त्यातलं लई कळत न्हाई. पन आमच्याकडं कॉम्प्युटर शिकवनारे सर हायेत. मॅडमना काढल्यापास्नं ते मागच्या व्हरांड्यात एकलेच बसत्यात, डबा तसाच घरी नेत्यात. परवा मी इचारलं, सर, बरं न्हाई का? तर म्हनले, काका, माझ्या डोळ्यांदेखत त्या बाईचा गळा कापला आनि मी बगत बसलो."

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"मॅडम सकाळी गेटात शिरताना रोज मला नमस्कार करायच्या, सायेब. आता त्यांना गेटाच्या आत सोडायचं न्हाई असा मला कागद दिलाय."

खबरी पैशासाठी येतात, सूड म्हणून येतात, कधी स्वतःच्या बचावासाठी येतात. या माणसाची नोकरी जाणार होती आणि मिळणार काहीच नव्हतं. अशी खबर बहुतेक खरी असते. मी त्याच दुपारी संगणक शिक्षकाला बोलावून घेतलं.

पस्तिशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. मी त्याला माझ्या खोलीत समोर बसवलं आणि पंधरा मिनिटं काहीच विचारलं नाही. माझे कागद बघत राहिलो. गुन्हेगाराला शांतता सोसते, त्याला सवय असते. सरळ माणसाला ती सोसत नाही. तो आपण होऊन बोलायला लागला.

"साहेब, ते पान मी बनवलंय."

"कसलं पान?"

त्याने मला सगळं समजावून सांगितलं. महाविद्यालयाची एक वेबसाइट होती. ती पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली होती. सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेला मोठा संगणक. त्या साइटवर याने एक पान केलं होतं, 'माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवा' असं. पानावर चार रकाने. तुमचं नाव, तुमचा ई-मेल, कोणाला पाठवायचं, मजकूर. खाली एक बटण. बटण दाबलं की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम त्या रकान्यांतली माहिती उचलतो, पत्र तयार करतो आणि पाठवून देतो.

"मग 'तुमचा ई-मेल' या रकान्यात मी दुसऱ्याचा पत्ता घातला तर?"

"तर त्याच्या नावाने जातो."

"तपासत नाही?"

"नाही साहेब. मी तपासणी ठेवलीच नव्हती. ज्याला मिळतो त्याला तो त्याच माणसाकडून आल्यासारखा दिसतो. पासवर्ड लागत नाही, काही नाही."

मी उठून खिडकीशी गेलो. आठ दिवसांपूर्वी ती मुलगी हेच सांगत होती. माझ्या खात्यातून गेलेला नाही. आणि मी तिला म्हणालो होतो, पुसून टाकला असशील.

"हे पान असं आहे, हे आणखी कोणाला माहीत होतं?"

त्याचा रुमाल ओला झाला होता. "प्राचार्यांना. मीच दाखवलं होतं. म्हटलं, सर, यात धोका आहे, पान बंद करू या. मी त्यांच्यासमोर त्यांच्याच नावाने त्यांना एक पत्र पाठवून दाखवलं. ते हसले. म्हणाले, राहू द्या, चांगलं आहे."

"आणि गळा कापताना तुम्ही बघत बसलात, ते कसं?"

तो रडायला लागला. त्या पानावरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत आपोआप याच्या ई-मेलच्या पेटीत येत असे. प्रोग्रॅम नीट चालतो की नाही ते कळावं म्हणून त्याने तशी सोय केली होती. पत्र रविवारी गेलं. सोमवारी सकाळी याने ते वाचलं होतं. निवड रद्द झाल्याचं पत्र यायच्या आधी कितीतरी दिवस.

"सोमवारी वाचलं! त्याच दिवशी त्या संस्थेला एक ओळ लिहिली असती तर?"

"नोकरी कायम व्हायची होती साहेब. फाईल प्राचार्यांच्या सहीला होती."

माझा हात उठला होता. उठलेला हात मी टेबलावर आपटला; काचेला तडा गेला. तो तडा माझी बदली होईपर्यंत तसाच होता.

त्याच संध्याकाळी पंचांसमक्ष त्याची पेटी उघडून सगळ्या प्रती छापून घेतल्या. मुलीच्या नावाने गेलेली पत्रं एक नव्हे, दोन निघाली. दुसरं दक्षिणेतल्या संस्थेला, मुलीने मला दाखवलेलंच. पहिलं त्याच्या नऊ मिनिटं आधीचं. त्यात मजकूर म्हणून फक्त 'टेस्ट' एवढाच शब्द होता. आणि ते गेलं होतं प्राचार्यांच्या स्वतःच्या ई-मेल पत्त्यावर.

पाठवणाऱ्याने आधी खात्री करून घेतली होती, की मुलीचं नाव आणि पत्ता वरती बरोबर उमटतो ना. भित्रे आणि हुशार लोक असंच करतात. दरोडेखोर कडी आधी हलवून बघत नाही. हे बघतात.

मी मुलीच्या घरी माणूस पाठवून तिची रीतसर फिर्याद घेतली. तोतयेगिरी करून फसवणूक आणि बदनामीसाठी बनावट दस्त. दुसऱ्या दिवशी वरून फोन आला. उपअधीक्षक साहेब.

"अरे, कसला गुन्हा नोंदवलास? कागद नाही, सही नाही, शाई नाही. दस्त कुठे आहे?"

"सर, दंडसंहितेत दस्ताची व्याख्या वाचा. कोणत्याही पदार्थावर अक्षरांनी व्यक्त केलेला मजकूर. शाईचं नाव त्यात नाही."

"त्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे बसलेत. संस्थेची बदनामी होतेय म्हणतात."

"त्या मुलीची झाली, सर, तेव्हा ते कुठे बसले होते?"

मग ते म्हणाले, "कर. पण बदली झाली तर माझ्याकडे येऊ नकोस." बदली झाली. चार महिन्यांनी. पण तोवर काम उरकलं होतं.

एक हवालदार बरोबर घेऊन मी पुण्याला त्या कंपनीत गेलो. तिथल्या इंजिनिअरने सर्व्हरची नोंदवही, म्हणजे तिथे आपोआप होणाऱ्या नोंदी, छापून दिली. त्यात पाठवणारा म्हणून इंग्रजीत 'नोबडी' असं लिहिलेलं होतं. हवालदाराने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, नोबडी म्हणजे कोणीच नाही. आरोपीच्या रकान्यात मी काय लिहू?"

इंजिनिअर हसला. म्हणाला, वेबवरचे प्रोग्रॅम सर्व्हरवर याच नावाने चालतात, म्हणून त्यांनी पाठवलेल्या पत्रावर हेच नाव पडतं. पण ते पान कोणत्या जोडणीवरून उघडलं होतं, त्याची नोंद वेगळी असते. ती रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराची होती आणि महाविद्यालयाच्याच इंटरनेट खात्याची निघाली. महाविद्यालयात इंटरनेट एकाच फोनवर चालायचं. तो फोन प्राचार्यांच्या केबिनमध्ये. टेलिफोन खात्याकडून त्या लाइनची नोंद मागवली, वेळ जुळली. शेवटी वॉचमनची किल्ल्यांची वही. रविवारी सव्वाअकराला केबिनची किल्ली एकानेच नेली होती आणि वहीत सही केली होती. शिस्तीचा माणूस म्हणून प्राचार्यांचं नाव होतं. ते सुट्टीच्या दिवशीही वहीत सही करायचे.

त्या वेळी मुलगी राहात्याला मावसबहिणीच्या लग्नात होती. लग्नाच्या फोटोत ती नवरीच्या मागे उभी आहे. तो फोटो आम्ही जप्त केला.

प्राचार्यांना मी ठाण्यात बोलावलं. आले ते संस्थेच्या गाडीतून, बरोबर दोन प्राध्यापक. त्यांना बाहेर बसवलं. प्राचार्य मला म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, मला या यंत्रातलं फारसं कळत नाही. ही तरुण मुलं काय काय करतात. त्या मुलीच्या कामाबद्दल मला आधीपासूनच शंका होती."

मी 'टेस्ट' लिहिलेलं पत्र पुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. "हे तर मला आलेलं आहे. म्हणजे तिनेच पाठवलं."

"त्या वेळी ती राहात्याला मांडवात होती. हा फोटो."

"मग कोणीतरी दुसऱ्याने."

"तुमच्या केबिनमधून. तुमच्या फोनवरून. ही किल्लीची सही कोणाची?"

ते सहीकडे बघत राहिले. स्वतःची सही नाकारणं त्या पिढीच्या माणसाला जड जातं. मी वाट पाहिली. मग त्यांनी चष्मा काढला आणि त्यांचा सगळा सूरच बदलला.

"तिने माझी परवानगी न घेता अर्ज केला. तुम्हाला कळतंय का? माझी प्रयोगशाळा, माझा प्रकल्प, तीन वर्षं मी तिला उभी केली. शिकवायचं आम्ही, वर आणायचं आम्ही, आणि दोन अक्षरं आली की या लोकांना आम्ही दिसेनासे होतो. ती गेल्यावर प्रकल्प कोणी पुरा करायचा होता?"

"तिच्या वह्या तुम्ही जप्त केल्यात. त्यातले आकडे खोटे आहेत ना? मग प्रकल्प कशावर पुरा करणार होतात?"

पुढे जप्तीत त्यांच्या टेबलाच्या खणात एक लेख सापडला, टाइप केलेला, छापायला पाठवण्याच्या तयारीत. विषय कांद्याची साठवण. आकडे तिच्या वहीतले, जसेच्या तसे, आणि लेखक म्हणून एकच नाव. त्यांचं. जे आकडे खोटे म्हणून तिला गेटाबाहेर काढलं होतं तेच.

मी त्यांना 'या लोकांना' म्हणजे कोणाला, असं जबाबात विचारून घ्यायला हवं होतं. विचारलं नाही. त्या क्षणी मला स्वतःची खात्री नव्हती, की पुढचं उत्तर मी खुर्चीवर बसून ऐकेन.

अटक झाली, जामीनही त्याच दिवशी झाला. गुन्हाच तसा होता. मी दक्षिणेतल्या संस्थेला ठाण्याच्या शिक्क्यानिशी सविस्तर पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टाने. त्यांचं उत्तर आलं. झाल्या प्रकाराबद्दल खेद, मुलीवरचा ठपका काढून टाकला आहे, जागा मात्र भरली गेली आहे.

ते उत्तर घेऊन मी स्वतः तिच्या घरी गेलो. तिने ते वाचलं, घडी घातली आणि वडिलांकडे दिलं.

मी म्हणालो, "तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा." मी तिला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होतो.

ती म्हणाली, "साहेब, एक विचारू? कागदावर माझं नाव छापलेलं होतं म्हणून तुम्ही ते माझं मानलंत. मी तुमच्यासमोर बसून सांगत होते, ते माझं का नाही मानलंत?"

वडील मध्येच म्हणाले, "जाऊ दे गं, सायबांनी केलं ना सगळं." ती म्हणाली, "हो अण्णा, केलं. आठ दिवसांनी."

तिने महाविद्यालयाची नोकरी परत घेतली नाही. वह्या मात्र भांडून घेतल्या. पुढे दुसऱ्या राज्यात काम मिळवलं आणि कोर्टाची प्रत्येक तारीख रजा काढून, रात्रीचा प्रवास करून गाठली. संगणक शिक्षकाने साक्ष दिली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. वॉचमननेही दिली, आणि साक्ष देऊन परतला तेव्हा त्याला कामावरून कमी केल्याचा कागद तयार होता.

निकाल लागला तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो, मुद्दाम आलो. आरोप सिद्ध झाले. पण आरोपीचं वय, समाजातलं स्थान आणि पहिलाच गुन्हा लक्षात घेऊन शिक्षा झाली ती काही रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहण्याची. म्हणजे सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत, भिंतीलगतच्या बाकावर.

माझा इतका संताप झाला की मी बाहेर जाऊन झाडाखाली उभा राहिलो. परत आत आलो तर ती मुलगी त्यांच्या समोरच्या बाकावर बसली होती. वडिलांनी हाक मारली तरी उठली नाही. जेवायच्या सुट्टीत सगळे गेले, ती तिथेच. ते मान खाली घालून बसले होते, कधी घड्याळ बघत, कधी वर्तमानपत्र उघडत. वर पाहिलं की समोर ती. पाच वाजता न्यायाधीश उठले, तशी तीही उठली आणि आमच्याकडे न बघता वडिलांना घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागली.

आता मला लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? संगणकाचं थोडंफार शिकलो, ते आज शाळेतल्या मुलांनाही येतं. खरं शिकलो ते हे की माझ्यासमोर बसलेल्या माणसापेक्षा मला छापील कागद खरा वाटत होता, आणि वीस वर्षांच्या नोकरीत तो कितीदा तसा वाटला असेल याचा हिशेब मला लागत नाही. त्यानंतर जिथे जिथे गेलो, तिथे ठाणे अंमलदाराला पहिल्या दिवशी एकच सांगितलं. बाई तक्रार घेऊन आली तर आधी फिर्याद लिहून घ्या, शंका नंतर काढा. काहींनी ऐकलं, काहींनी मागे टवाळी केली. त्या टवाळी करणाऱ्यांत मी माझं जुनं तोंड ओळखत होतो, म्हणून त्यांच्यावर जास्त ओरडलो.